गाडीच्या समोरून "टक-टक" आवाज? पार्ट बदलायच्या आधी निदान शिका



आजचा विषय ऐकायला मेकॅनिकचा वाटेल, पण तो धंद्याचा आहे. ज्यांना छोटं गॅरेज टाकायचं आहे, स्पेअर पार्टचं दुकान काढायचं आहे किंवा गाडी घेऊन भाड्याचा धंदा करायचा आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. आवाज कसे ऐकायचे ते व्हिडिओत दाखवलंच आहे. इथे तेच सगळं लिहून देतो, म्हणजे गाडीजवळ उभं राहून मोबाईलवर एकेक पायरी पाहता येईल.

आधी माझी चूक सांगतो.

आरमोरीत दुकान सुरू केलं त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. रोवणीचे दिवस होते. वैरागडकडचे एक दादा डिझायर घेऊन आले. ती गाडी त्यांचं पोट होती. गावातले पेशंट गडचिरोलीला न्यायचे, वडसा स्टेशनची सवारी करायची. म्हणाले, "भाऊ, समोरून टकटक आवाज येऊन राहिला." मी काउंटरवरून उठलोसुद्धा नाही. "लिंक रॉड गेला असंल," म्हणालो आणि जोडी दिली. चार दिवसांनी दादा परत आले, आवाज तसाच. मग मी लोअर आर्म दिला. आवाज तरी तसाच. तिसऱ्या वेळी दादा आलेच नाहीत.

दोन महिन्यांनी रस्त्यात भेटले. गाडी दुसऱ्या गावात दुरुस्त केली होती. उजवीकडच्या एक्सलचं रबरी बूट फाटलं होतं आणि आतला जॉइंट खराब झाला होता. मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही पार्ट देल्ले, पन बिमारी नाही पायली."

त्या दोन पार्टवर मला साडेचारशे रुपये सुटले होते. दादांची मजुरी धरून हजारो रुपये गेले, आणि ज्या दिवशी गाडी उभी राहिली त्या दिवसांचं भाडंही गेलं. त्यांच्या ओळखीच्या चार गाड्या माझ्याकडे यायच्या, त्याही बंद झाल्या. ते फाटलेलं बूट दिसायला एक मिनिट लागलं असतं. चाक वळवून टॉर्च मारायची, एवढंच काम होतं.

त्या दिवसापासून दुकानात एक नियम केला: बिमारी पाहिल्याशिवाय पार्ट द्यायचा नाही. ती कशी पाहायची, ते आता बघू.

पहिली गोष्ट: गाडी कोणती आहे?

पुढून आवाज आला की बरेच जण लगेच "एक्सल गेला" म्हणतात. थांबा. आधी इंजिनची ताकद कोणत्या चाकांना जाते ते पाहा.

अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा या गाड्यांत इंजिन पुढच्या चाकांना फिरवतं. म्हणून पुढच्या प्रत्येक चाकाला एक एक्सल येतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतो. बाहेरच्या, म्हणजे चाकाकडच्या जॉइंटला आपण सीव्ही जॉइंट म्हणतो.

बोलेरो, बोलेरो पिकअप, ओम्नी, इको, टाटा एस या गाड्यांत ताकद मागच्या चाकांना जाते. फोर बाय फोर मॉडेल सोडलं तर त्यांच्या पुढच्या चाकांत असा एक्सल नसतोच. आपल्या भागात बोलेरो किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. बोलेरोच्या समोरून टकटक येत असेल आणि कोणी "सीव्ही जॉइंट बदला" म्हणत असेल, तर त्याने गाडीखाली पाहिलेलंच नाही एवढं समजून घ्या.

या जॉइंटचं काम थोडं समजून घेऊ. पुढचं चाक फिरतंही आणि वळतंही. वाकलेल्या कोनातून ताकद पाठवायची असेल तर जीपच्या शाफ्टमधला साधा क्रॉस जॉइंट एकसारख्या वेगाने फिरत नाही, झटके देतो. सीव्ही जॉइंट कोन बदलला तरी वेग सारखा ठेवतो, नावाचा अर्थही तोच आहे. त्यात साधारण सहा स्टीलच्या गोळ्या असतात आणि त्या खाचांमधून सरकतात. ही रचना फोर्ड कंपनीतले इंजिनिअर आल्फ्रेड रझेप्पा यांनी १९२० च्या दशकात केली. आपल्या देशात ती घराघरात पोहोचली मारुती ८०० मुळे, जी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली.

त्या गोळ्या काळ्या ग्रीसमध्ये बुडलेल्या असतात आणि वरून घडीघडीचं रबरी बूट असतं. बूट शाबूत असेल तर जॉइंट वर्षानुवर्षं चालतो. बूट फाटलं की ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि चिखल, पाणी, धूळ आत जाते. धानाच्या बांध्यांजवळचा चिखल, जंगलातल्या रस्त्यावरची काटेरी फांदी, शेतातल्या कापलेल्या तुराट्यांचे टोकदार खुंट, या सगळ्यांचा मार त्या बूटवर बसतो. नंतर गोळ्या आणि खाचा खरवडतात, आणि वळताना "कट-कट-कट" सुरू होतं.

दुसरी गोष्ट: ग्राहकाला पाच प्रश्न

हे पाच प्रश्न मी दुकानाच्या भिंतीवर लिहून लावले आहेत.

१. आवाज वळताना येतो की सरळ चालताना?
२. खड्ड्यात, गतिरोधकावर येतो की गुळगुळीत रस्त्यावरही?
३. ब्रेक मारल्यावर येतो किंवा बदलतो का?
४. गाडीचा वेग वाढला की टकटक जलद होते का? गाडी उभी असताना फक्त स्टेअरिंग फिरवलं तर येतो का?
५. आवाज सुरू व्हायच्या आधी गाडीचं काय काम झालं होतं? पंक्चर, ब्रेक पॅड, शॉकअप?

पाचवा प्रश्न सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात कमी विचारला जातो. एका ग्राहकाच्या गाडीला पंक्चर काढल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आवाज होता. आम्ही चाकाला पाना लावला तर चारपैकी दोन नट हाताने फिरत होते. तो माणूस घरची मंडळी घेऊन ब्रम्हपुरीला निघाला होता. वैनगंगेच्या पुलावर ते चाक निघालं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करतो.

तिसरी गोष्ट: शून्य रुपयांची तपासणी

म्हणून गाडी जॅकवर घेण्याआधी हे पाहून घ्या.

चाकाचे सगळे नट पान्याने तपासा. टॉर्क रेंच असेल तर उत्तम. बऱ्याच छोट्या कारना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतं, पण नक्की आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. व्हील कॅप ढिली आहे का, हलवून पाहा. टायरच्या खाचेत गिट्टी किंवा खिळा अडकलाय का, पूर्ण चाक फिरवून पाहा.

इथे एक सोपा हिशेब कामाला येतो. ताशी १० किलोमीटरच्या वेगाला छोट्या कारचं चाक सेकंदाला साधारण दीड फेरा मारतं. एका फेऱ्याला एकच टक येत असेल तर गिट्टी, नट किंवा कॅपवर संशय घ्या. सीव्ही जॉइंट खराब असेल तर एका फेऱ्यात अनेकदा टकटक ऐकू येते, कारण गोळ्या एकापेक्षा जास्त असतात.

चौथी गोष्ट: चालवून ऐका, मग उचलून पाहा

मोकळं मैदान घ्या. काच खाली, पंखा आणि गाणी बंद. सोबत कोणी असेल तर त्याला गाडीपासून सुरक्षित अंतरावर उभं करा.

*पूर्ण वळवून हळू चालवा.* स्टेअरिंग डावीकडे पूर्ण वळवून थोडं ॲक्सिलरेटर देत गोल फिरा. मग उजवीकडे. नंतर रिव्हर्समध्ये तसंच करा. जोर दिला की कट-कट वाढते आणि सरळ झाल्यावर कमी होते, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट. साधारणपणे डावीकडे वळताना उजवा आणि उजवीकडे वळताना डावा जॉइंट बोलतो, कारण बाहेरच्या चाकावर भार जास्त येतो. पण हे प्रत्येक वेळी खरं निघत नाही. म्हणून खाली वाकून बूट पाहाच. चाकाच्या आतल्या बाजूला, शॉकअपवर, लोअर आर्मवर काळं ग्रीस उडालेलं दिसलं की उत्तर मिळालं.

*हळू वेगात छोट्या खड्ड्यांवरून न्या.* एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की "टक-टक" येतं, वळण असो वा नसो, तर लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझर बारचे बुश. गाडी जमिनीवर असतानाच लिंक रॉड हाताने धरून जोरात हलवा. खेळ असेल तर हातालाच कळतं. काही छोट्या गाड्यांना लिंक रॉड नसतोच, तिथे बारचे बुश पाहा.

*उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवा.* एकाने आत बसून फिरवायचं, दुसऱ्याने शॉकअपच्या स्प्रिंगवर बाहेरून हलका हात ठेवायचा, बोटं घड्यांमध्ये घालायची नाहीत. स्प्रिंग अडकून एकदम सुटल्यासारखी उडत असेल तर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचं बेअरिंग गेलेलं आहे. बोनेट उघडून वरची माउंटिंगही पाहा.

*पुढे-मागे करा.* रिव्हर्समधून पुढे निघताना एकच "टक" येतो, मग शांत. ब्रेक न लावता येत असेल तर हबनट ढिला किंवा एक्सलचे दाते कोरडे. पहिला ब्रेक मारल्यावर येत असेल तर ब्रेक पॅड आपल्या जागेत सरकतोय. पॅड बदलताना छोट्या पत्र्याच्या क्लिपा बसवायच्या राहिल्या की हेच होतं.

*आता गाडी उचला.* सपाट जागा, मागच्या चाकाला लाकडी ठोकळा, जॅकने उचलून खाली स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जायचं नाही. नवीन पोरं ठेवाल तेव्हा त्यांना पाना द्यायच्या आधी हे शिकवा.

चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ आला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवा. खेळ आला तर टाय रॉड एंड किंवा बेअरिंग. यातलं नेमकं कोणतं ते कळायला कोणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड. बेअरिंग बहुतेक वेळा टकटक करत नाही, वेग वाढला की घूं-घूं करतं, हेही लक्षात ठेवा.

बॉल जॉइंटमध्ये चांगला खेळ सापडला तर ग्राहकाला स्पष्ट सांगा की गाडी आज इथेच ठेवा. बॉल जॉइंट निखळला तर चाक दुमडतं आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. सीव्ही जॉइंटची टकटक काही दिवस सहन करता येते, बॉल जॉइंटची नाही. हा फरक सांगणारा माणूसच ग्राहकाला विश्वासाचा वाटतो.

पाचवी गोष्ट: दुरुस्ती

बूट फाटलंय पण आवाज अजून सुरू झाला नाही, तर तुमचं आणि ग्राहकाचं नशीब चांगलं. जॉइंट काढून धुवा, गोळ्या आणि खाचा पाहा. गुळगुळीत असतील तर नवीन बूट, नवीन ग्रीस, नवीन क्लिपा, काम झालं. आवाज सुरू झाला असेल तर नुसतं बूट बदलून पैसे घेऊ नका. खरवडलेला लोखंडी भाग ग्रीसने बरा होत नाही. आवाज थोडे दिवस दबतो आणि ग्राहक तुमच्या नावाने बोलत परत येतो. तिथे बाहेरचा जॉइंट किंवा पूर्ण एक्सल बदलावा लागतो.

कामाचा क्रम असा. हबनट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. मग उचला, स्टँड लावा, चाक काढा, बॉल जॉइंट सोडवा, एक्सल बाहेर घ्या. पूर्ण एक्सल काढत असाल तर गिअरबॉक्समधून तेल सांडतं, खाली भांडं ठेवा. नवीन जॉइंटसोबत आलेलं ग्रीस पूर्ण भरा, वाचवू नका. सर्क्लिप नवीन, हबनट नवीन. चाक जमिनीवर टेकवून हबनट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा आणि त्याची कड ठोकून लॉक करा. गिअरबॉक्सचं तेल तपासा. शेवटी त्याच मैदानात, ग्राहकाला सोबत बसवून, त्याच वळणावर गाडी फिरवा. जिथे आवाज ऐकला होता तिथेच आवाज गेल्याचं त्याला ऐकू द्या.

लोअर आर्म किंवा टाय रॉड एंड बदलला तर व्हील अलाइनमेंट लागते. मशीन तुमच्याकडे नसेल तर गाडी जिथे मशीन आहे तिथे पाठवा. नाहीतर नवे टायर एका बाजूने झिजतील आणि दोष तुमच्यावर येईल.

सहावी गोष्ट: यात धंदा कुठे आहे?

बीबीए करताना "कस्टमर रिटेन्शन" हा शब्द पाठ केला होता. अर्थ वैरागडच्या दादांनी शिकवला.

आता मी तपासणीचे वेगळे पैसे घेतो. समजा दोनशे रुपये. काम आमच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये झालं तर ते बिलातून वजा. सुरुवातीला लोक म्हणाले, "पायाचे बी पैसे?" मी म्हणालो, "दादा, चुकीच्या पार्टला हजार देण्यापेक्षा बरे." आता कोणी वाद घालत नाही.

एक साधा हिशेब करा, आकडे फक्त उदाहरणासाठी. अंदाजाने पार्ट विकला, नफा तीनशे. तो चुकला तर परत घ्यावा लागतो, लावलेला पार्ट नवीन म्हणून विकता येत नाही, मजुरी वाया, अर्धा दिवस वाद. तीनशेच्या नफ्यासाठी हजाराचा खड्डा. तपासणी करून विकला तर दोनशे आणि तीनशे दोन्ही राहतात आणि माणूसही राहतो.

सोबत हे चार नियम लावा.

जॉब कार्ड लिहा: तक्रार ग्राहकाच्या शब्दांत, गाडीचं किलोमीटर, काय तपासलं, काय सापडलं. साधी वही चालते.

फाटलेल्या बूटचा, हलणाऱ्या जॉइंटचा फोटो किंवा व्हिडिओ ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि त्याचा होकार आल्यावरच काम सुरू करा.

काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून परत द्या. तो घरी नेऊन फेकेल, पण विश्वास ठेवेल.

प्रत्येक गाडी कोणत्याही कामाला आली तरी दोन्ही बूट टॉर्चने पाहा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तर नक्कीच. फाटायला आलेलं बूट आधी सांगितलं तर ग्राहकाचा मोठा खर्च वाचतो आणि तुम्हाला छोटं पण प्रामाणिक काम मिळतं.

सुरुवातीला फार मोठी मशिनरी लागत नाही. चांगला जॅक, दोन-चार स्टँड, टॉर्क रेंच, पान्यांचा सेट, टॉर्च. एवढ्यासाठी मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज, म्हणजे ५० हजारांपर्यंत, विनातारण मिळतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे आणि मोफत आहे, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. पार्ट आणि मजुरी दोन्ही करणाऱ्याने वर्षाची उलाढाल २० लाखांकडे जायला लागली की जीएसटीचं आधीच सल्लागाराशी बोलून ठेवावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवर सरसकट १८ टक्के दर आहे, त्यामुळे बिलातला हिशेब तरी सोपा झाला.

शेवटी

मी दादांना फोन केला होता. लोअर आर्मचे पैसे परत देतो म्हणालो. ते म्हणाले, "राहू द्या भाऊ, पुढच्या माणसाची गाडी नीट पाहा." पैसे मी तरी दिले. मागच्या दिवाळीत ते पुतण्याची वॅगन आर घेऊन आले. समोरून आवाज येत होता. मी टॉर्च घेऊन आधी खाली वाकलो. टायरच्या खाचेत गिट्टी होती. स्क्रू ड्रायव्हरने काढली, पैसे घेतले नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्यांच्याच गावातल्या दोन गाड्या आल्या.

तुमच्याकडे उद्या कोणी टकटक घेऊन आलं तर पार्टच्या डब्याकडे हात नेण्याआधी पाच प्रश्न विचारा आणि टॉर्च हातात घ्या. पुढच्या व्हिडिओत जॉब कार्ड कसं भरायचं ते वहीवर लिहून दाखवतो. तोपर्यंत गाडी सांभाळून चालवा, धंदा इमानदारीने करा.